मूत्राशयाच्या स्नायूवर पोटॅशियम चॅनेलची औषधे: विद्युत नोंद घ्यावी कशी आणि वाचावी कशी

मूत्राशयाच्या भिंतीतल्या डेट्रूसर स्नायूची बारीक पट्टी कोमट क्रेब्स द्रावणात (शरीरातल्या द्रवाशी जुळणाऱ्या क्षारांच्या पाण्यात) टांगली की अर्ध्या-पाऊण तासात ती आपोआप आकुंचन पावू लागते. नसांचा संदेश तोडला तरी हे आकुंचन चालूच राहते. अशा वेळी बाथमध्ये, म्हणजे पट्टी टांगलेल्या भांड्यात, क्रोमाकॅलिम हे पोटॅशियम चॅनेल उघडणारे औषध टाकले की आकुंचने विरळ होत जातात, शेवटी थांबतात, ताणाची रेषा सपाट होते आणि विद्यार्थी वहीत लिहून मोकळा होतो, की औषधाने पोटॅशियम चॅनेल उघडले. तशीच सपाट रेषा कॅल्शियम चॅनेल अडवणाऱ्या निफेडिपिनने मिळते, औषध विरघळवण्यासाठी वापरलेला डीएमएसओ जास्त झाला तरी मिळते, आणि ऑक्सिजनची नळी निसटून मरू लागलेल्या पट्टीनेही मिळते. म्हणून ताणाच्या नोंदीवरून पोटॅशियम चॅनेलचे नाव घेऊ नये, त्यासाठी पेशीपटलाचे विभव, म्हणजे पेशीच्या आतबाहेरचा विद्युतदाबातला फरक, मोजावे, असे माझे ठाम मत आहे. औषधनिर्माणशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र किंवा वैद्यकातील औषधशास्त्राच्या ज्या विद्यार्थ्यांना हे काम स्वतःच्या हाताने करायचे आहे, त्यांच्यासाठी ही वाट पायरीपायरीने मांडत आहे.

सुरुवात कागद-पेन्सिलीने

प्रयोगाला हात घालण्यापूर्वी एक आकडा काढून भिंतीवर चिकटवावा, तो म्हणजे पोटॅशियमचे समतोल विभव, ज्या विभवाला पोटॅशियमची आत-बाहेर ये-जा सारखी होते. पेशीच्या आत पोटॅशियम सुमारे १४० मिलिमोलर धरले आणि बाहेरच्या क्रेब्स द्रावणात ते ५.९ मिलिमोलर असले, तर ३७ अंश सेल्सिअसला नर्न्स्ट समीकरणाने उत्तर येते सुमारे उणे ८५ मिलिव्होल्ट. गिनीपिगच्या डेट्रूसर पेशीचे विश्रांतीतले विभव साधारण उणे ४० ते उणे ५० मिलिव्होल्टच्या दरम्यान असते. म्हणजे विश्रांतीचे विभव आणि पोटॅशियमचे समतोल विभव यांत चाळीसेक मिलिव्होल्टचे अंतर आहे. पोटॅशियमचे आणखी चॅनेल उघडले की पोटॅशियम बाहेर पडते आणि पटल त्या उणे ८५ च्या दिशेने खाली सरकते. यालाच अतिध्रुवीकरण म्हणतात.

डेट्रूसरची ॲक्शन पोटेन्शियल, म्हणजे विभवाची क्षणभराची उसळी, मुख्यतः एल-प्रकारच्या कॅल्शियम चॅनेलमुळे उमटते. सोडियम चॅनेल बंद करणाऱ्या टेट्रोडोटॉक्सिनने ती थांबत नाही, निफेडिपिनने थांबते. पटल जितके खाली, तितकी या कॅल्शियम चॅनेलची उघडण्याची शक्यता कमी. पोटॅशियम चॅनेलचे औषध स्नायूला शिथिल करते ते या आडवाटेने: आधी विभव खाली जाते, मग कॅल्शियम आत येणे थांबते, आणि त्यानंतर ताण उतरतो. मधला दुवा विजेचा आहे, आणि तो न पाहता दोन टोके जोडणे धोक्याचे आहे.

आता तोच आकडा बाहेरचे पोटॅशियम वाढवून पुन्हा काढावा. बाहेर २० मिलिमोलर असेल तर समतोल विभव उणे ५२ च्या आसपास येते, ८० मिलिमोलर असेल तर उणे १५ च्या आसपास. या दोन आकड्यांवर पुढची एक संपूर्ण चाचणी उभी आहे, म्हणून ते स्वतः गणित करून पडताळावेत, माझ्यावर विश्वास ठेवून उतरवून घेऊ नयेत.

परवानगी, द्रावण आणि पट्टी

भारतात हे काम सुरू करण्यापूर्वी संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची लेखी मंजुरी हवी, आणि संस्थेचे प्राणिगृह सीसीएसईएकडे (प्राण्यांवरील प्रयोगांवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रीय समितीकडे) नोंदलेले हवे. अर्जात प्राण्यांची संख्या लिहिताना एका प्राण्याच्या मूत्राशयातून किती पट्ट्या निघतील आणि त्यांतल्या किती ताणासाठी, किती विद्युत नोंदीसाठी वापरणार, हे आधीच ठरवावे. एका गिनीपिगमधून दोन्ही प्रकारचे काम निभावते, आणि जीव वाया न घालवण्याचा तोच प्रामाणिक मार्ग आहे.

एक लिटर क्रेब्स द्रावणासाठी सोडियम क्लोराइड ६.९ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड ०.३५ ग्रॅम, सात रेणू पाणी असलेले मॅग्नेशियम सल्फेट ०.२९६ ग्रॅम, पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट ०.१६३ ग्रॅम, सोडियम बायकार्बोनेट २.१ ग्रॅम, ग्लुकोज १.९८ ग्रॅम आणि दोन रेणू पाणी असलेले कॅल्शियम क्लोराइड ०.३७ ग्रॅम घ्यावे. कॅल्शियम सर्वांत शेवटी, आणि तेही ९५ टक्के ऑक्सिजन व ५ टक्के कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे दहा-पंधरा मिनिटे सोडून झाल्यावरच घालावे. घाईने आधी घातले तर द्रावण दुधाळ होते, म्हणजे कॅल्शियम साक्यात गेले, आणि त्या दिवशीची ॲक्शन पोटेन्शियल्स लहान का दिसतात याचा शोध संध्याकाळपर्यंत चालतो.

मूत्राशय काढल्यावर पोटाकडच्या बाजूने उभा कापून थंड, ऑक्सिजनयुक्त क्रेब्समध्ये टाचण्यांनी पसरावा आणि आतले अस्तर भिंगाखाली सोलून काढावे. अस्तरातून एटीपी आणि ॲसिटिलकोलीन ही स्नायूला चेतवणारी द्रव्ये स्रवतात, त्यामुळे ते राहिले तर औषधाचा परिणाम स्नायूवर झाला की अस्तरावर हे सांगता येत नाही. ताणासाठी सुमारे एक सेंटिमीटर लांब आणि दोन-तीन मिलिमीटर रुंद पट्टी पुरते. विद्युत नोंदीसाठी मात्र याहून पुष्कळ बारीक, एकाच दिशेने जाणारा तंतूंचा जुडगा निवडावा. जाड जुडगा जोराने आकुंचतो आणि इलेक्ट्रोड बाहेर फेकतो.

ऑर्गन बाथमधली पहिली चाळणी

पट्टीला सुमारे एक ग्रॅम ताण देऊन तासभर स्थिरावू द्यावे आणि दर पंधरा मिनिटांनी द्रावण बदलावे. मग ८० मिलिमोलर पोटॅशियमने पट्टी जिवंत आहे का ते पाहावे. हे द्रावण करताना पोटॅशियम जितके वाढवले तितके सोडियम क्लोराइड कमी करावे, नाहीतर पेशी द्रावणाच्या दाबाने आक्रसतात आणि तो वेगळाच प्रयोग होतो. पुढच्या सर्व नोंदींत ॲसिटिलकोलीनचा परिणाम रोखणारे ॲट्रोपिन १ मायक्रोमोलर आणि टेट्रोडोटॉक्सिन १ मायक्रोमोलर ठेवले की नसांचा वाटा बाजूला पडतो. टेट्रोडोटॉक्सिन हे प्राणघातक विष आहे. ते कुलुपात ठेवावे, वापराची नोंदवही ठेवावी आणि एकट्याने असताना ते उघडू नये.

आता वर काढलेले आकडे कामाला येतात. एका पट्टीत २० मिलिमोलर पोटॅशियमने आकुंचन आणावे, दुसरीत ८० ने, आणि दोन्हींत चाचणीचे औषध वाढत्या मात्रेने द्यावे. औषध खरोखरच पोटॅशियम चॅनेल उघडत असेल तर २० मिलिमोलरचे आकुंचन ढिले पडते, कारण चॅनेल उघडल्यावर पटलाला उणे ५० च्या आसपास परत जाण्याची वाट असते. ८० मिलिमोलरला मात्र ते औषध जवळपास निष्प्रभ ठरते, कारण तिथे समतोल विभवच उणे १५ आहे आणि चॅनेल कितीही उघडले तरी पटल त्याच्या खाली जाऊ शकत नाही. निफेडिपिन दोन्ही आकुंचने ढिली करते. एवढ्या साध्या तुलनेने अर्ध्याहून जास्त चुकीचे दावे पहिल्याच आठवड्यात गळून पडतात, तरी ती करण्याचा कंटाळा केला जातो, याचे मला नेहमी वाईट वाटते.

सूक्ष्म इलेक्ट्रोड: खरे काम इथे आहे

बोरोसिलिकेट काचेची नळी ओढून टोक इतके बारीक करावे की ०.५ मोलर पोटॅशियम क्लोराइड भरल्यावर रोध १०० मेगाओमच्या वर यावा. त्याहून जाड टोक डेट्रूसरच्या बारीक पेशीला फाडते. जुडगा सिलिकॉनच्या तळावर अगदी बारीक टाचण्यांनी, दोन्ही बाजूंनी जवळजवळ टाचावा, म्हणजे आकुंचन झाले तरी तो हलणार नाही. द्रावण ३५ ते ३७ अंशांवर ठेवून सतत वाहते ठेवावे. थंड पट्टीत ॲक्शन पोटेन्शियल्स विरळ होतात आणि औषधाने ती थांबली असा भास होतो.

इलेक्ट्रोड खाली नेताना पडद्यावर शून्याची रेषा किंचित थरथरत असते. टोक पेशीला टेकते तेव्हा ती थोडी फुगते. मग टेबलावर बोटाने हलकी टिचकी मारावी, किंवा प्रवर्धकातून क्षणभर दोलन द्यावे. टोक आत शिरले तर रेषा एका झटक्यात उणे ४५ च्या आसपास कोसळते आणि तिथेच बसते. हळूहळू घसरत उणे २५ ला थांबलेली नोंद ही जखमी पेशीची नोंद आहे, ती सोडून द्यावी, ती सुधारेल म्हणून वाट पाहू नये. नोंद स्वीकारण्याच्या अटी आधीच लिहून ठेवाव्यात: प्रवेश झटक्याने झालेला असावा, विभव निदान पाच मिनिटे स्थिर असावे, आणि शेवटी इलेक्ट्रोड बाहेर काढल्यावर रेषा पुन्हा शून्यावर यावी. तिसरी अट सर्वांत जास्त दुर्लक्षिली जाते. इलेक्ट्रोडचाच विभव दहा मिलिव्होल्टने सरकला असेल तर औषधाने झालेले दहा मिलिव्होल्टचे 'अतिध्रुवीकरण' कुणाचे, हे कळण्याचा तो एकमेव उपाय आहे.

आकुंचन थांबवण्यासाठी निफेडिपिन घालण्याचा मोह होतो. फक्त विश्रांतीचे विभव मोजायचे असेल तर ते चालते, पण ॲक्शन पोटेन्शियलचा अभ्यास करायचा असेल तर निफेडिपिनने ती मुळातच नाहीशी होतात. निफेडिपिन उजेडात नासते, म्हणून बाटली फॉइलमध्ये गुंडाळावी. ॲक्शन पोटेन्शियल काही दहा मिलिसेकंदांत आटोपते, त्यामुळे सेकंदाला निदान दोन हजार नमुने घ्यावेत. कमी नमुन्यांत शिखर कापले जाते आणि उंचीची तुलना निरर्थक ठरते.

औषधे तयार करताना

क्रोमाकॅलिम, पिनॅसिडिल, ग्लिबेनक्लामाइड, रेटिगाबिन, एनएस १६१९ ही सर्व पाण्यात नीट न विरघळणारी द्रव्ये आहेत. ती डीएमएसओमध्ये १० मिलिमोलरच्या मूळ द्रावणात करून ठेवणे सोयीचे पडते. २० मिलिलिटरच्या बाथमध्ये असे २० मायक्रोलिटर टाकले की औषध १० मायक्रोमोलर होते आणि डीएमएसओ ०.१ टक्का. याच्या वर जाऊ नये, आणि प्रत्येक पट्टीत आधी तेवढाच रिकामा डीएमएसओ देऊन पाहावा.

विभवाने उघडणारे काही पोटॅशियम चॅनेल बंद करणाऱ्या ४-अमिनोपिरिडिनची गोष्ट वेगळी आहे. ते पाण्यात सहज विरघळते, पण त्याचे द्रावण चांगलेच अल्कधर्मी असते. माझ्या एका विद्यार्थिनीच्या नोंदींत १ मिलिमोलर ४-अमिनोपिरिडिनने ॲक्शन पोटेन्शियल्स भराभर वाढत होती आणि ती फार आनंदात होती. मूळ द्रावणात पीएचची पट्टी बुडवली तेव्हा ती गडद निळी झाली. हायड्रोक्लोरिक आम्लाने पीएच ७.४ वर आणून सर्व प्रयोग पुन्हा केले. वाढ उरली, पण पूर्वीपेक्षा लहान. पहिल्या तीन आठवड्यांच्या नोंदी आम्हाला फेकून द्याव्या लागल्या. आता आमच्याकडे ४-अमिनोपिरिडिनच्या प्रत्येक बाटलीवर पीएच आणि तारीख लिहिल्याशिवाय ती शीतकपाटात जात नाही.

विषांपासून मिळालेले अवरोधक हा या क्षेत्राचा सर्वांत सुंदर भाग आहे. बीके चॅनेल, म्हणजे कॅल्शियमने आणि विभवाने उघडणारे मोठ्या वाहकतेचे पोटॅशियम चॅनेल, नेमकेपणाने बंद करणारे इबेरिओटॉक्सिन १९९० मध्ये ज्या विंचवाच्या विषातून वेगळे केले गेले, तो आपल्या कोकणातला लाल विंचूच. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी ज्याच्या दंशावर प्राझोसिनचा उपचार रूढ करून असंख्य जीव वाचवले, त्याच विंचवाच्या विषातला ३७ अमिनो आम्लांचा हा एक लहानसा तुकडा आज जगभरच्या प्रयोगशाळांत बीके चॅनेल ओळखण्याची खूण बनला आहे. (दंशाने होणाऱ्या गंभीर परिणामांमागे मुख्यतः त्याच विषातली सोडियम चॅनेलवर काम करणारी दुसरी द्रव्ये आहेत, हे ध्यानात ठेवावे.) लहान वाहकतेचे एसके चॅनेल बंद करणारे ॲपामिन मधमाशीच्या विषातले, अवघ्या १८ अमिनो आम्लांचे.

ही पेप्टाइडे काचेला आणि प्लास्टिकला चिकटतात, म्हणून द्रावणात ०.१ टक्का बोव्हाइन अल्ब्युमिन घालावे आणि लहान भाग करून गोठवून ठेवावेत. इबेरिओटॉक्सिनचे रेणूभार सुमारे ४२३० आहे. १०० नॅनोमोलरसाठी २० मिलिलिटरच्या बाथला साडेआठ मायक्रोग्रॅम लागते, तर दोन मिलिलिटरच्या इलेक्ट्रोड-कक्षाला जेमतेम पाऊण-एक मायक्रोग्रॅम. किंमत पाहता ते नेहमी लहान कक्षातच, द्रावण फिरते ठेवून वापरावे. पेप्टाइडाला जुडग्याच्या आतपर्यंत मुरायला पंधरा ते तीस मिनिटे लागतात. पाच मिनिटांत परिणाम दिसला नाही म्हणून 'बीकेचा वाटा नाही' असे लिहू नये. ते धुऊनही लवकर निघत नाही, त्यामुळे एका पट्टीत ते शेवटीच द्यावे.

औषध देण्याचा क्रम आणि नोंदीचे वाचन

एकाच पेशीत इलेक्ट्रोड टिकवून आधी वीस मिनिटे शुद्ध नोंद, मग रिकामा डीएमएसओ, मग औषध, मग औषध असतानाच त्याचा अवरोधक, आणि शेवटी धुणे, असा क्रम ठेवावा. एवढा वेळ पेशी टिकत नाही, अशी तक्रार सगळेच करतात आणि ती खरी आहे. तेव्हा निदान औषध आणि अवरोधक हे दोन टप्पे एकाच पेशीत मिळवावेत आणि बाकीचे टप्पे त्याच जुडग्यातील दुसऱ्या पेशींत पूर्ण करावेत, पण तसे स्पष्ट लिहावे.

के-एटीपी चॅनेलपासून, म्हणजे पेशीतले एटीपी कमी झाले की उघडणाऱ्या आणि क्रोमाकॅलिमने उघडता येणाऱ्या पोटॅशियम चॅनेलपासून, सुरुवात करणे चांगले, कारण तिथे चित्र सर्वांत स्वच्छ आहे. ऑक्सफर्डमध्ये ॲलिसन ब्रेडिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९-९० च्या सुमारास गिनीपिगच्या मूत्राशयावर क्रोमाकॅलिमचे जे काम केले, ते आजही नवशिक्याने नमुना म्हणून समोर ठेवावे. क्रोमाकॅलिम काही मायक्रोमोलरला दिले की एकदोन मिनिटांत विभव खाली सरकू लागते. ॲक्शन पोटेन्शियल्समधले अंतर आधी वाढते, मग ती अधूनमधूनच उमटतात आणि अखेर थांबतात. थांबण्यापूर्वी एकेका ॲक्शन पोटेन्शियलचा आकार फारसा बदललेला नसतो, हे बारकाईने पाहावे: औषधाने शिखर कापलेले नाही, तिथपर्यंत चढण्याची वाट लांब केली आहे. मग हे चॅनेल बंद करणारे ग्लिबेनक्लामाइड १ ते १० मायक्रोमोलर दिले की विभव पुन्हा वर येते आणि ॲक्शन पोटेन्शियल्स परततात. हीच ती ग्लिबेनक्लामाइड, जी मधुमेहाची गोळी म्हणून घरोघरी माहीत आहे. स्वादुपिंडातल्या के-एटीपी चॅनेलला एसयूआर १ हे उपघटक जोडलेले असते, गुळगुळीत स्नायूत प्रामुख्याने एसयूआर २बी, आणि दोन्ही तिच्या आवाक्यात येतात. नुसते ग्लिबेनक्लामाइड दिल्यावर गिनीपिगच्या पट्टीत सहसा फार काही घडत नाही. यावरून एवढेच दिसते की निरोगी, पोसलेल्या पेशीत हे चॅनेल बहुतांशी मिटलेले असतात.

अतिध्रुवीकरण दिसले तरी ते चॅनेल उघडल्यानेच झाले असे धरून चालू नये. इलेक्ट्रोडमधून दर काही सेकंदांनी थोडासा उलट प्रवाह द्यावा आणि त्याने होणारा विभवातला खड्डा मोजावा. चॅनेल उघडल्याने पटल गळके होते, म्हणून खड्डा उथळ होतो. मात्र डेट्रूसरच्या पेशी शेजाऱ्यांशी जोडलेल्या असल्याने प्रवाह आजूबाजूला पसरतो आणि हा बदल अपेक्षेपेक्षा लहान दिसतो. तो पुरावा म्हणून जोडावा, एकट्यावर भिस्त ठेवू नये.

बीके चॅनेलचे वाचन नेमके उलट बाजूने करावे लागते. उणे ४५ मिलिव्होल्टला आणि विश्रांतीच्या कॅल्शियमला हे चॅनेल जवळजवळ मिटलेले असते. पटल वर चढते आणि कॅल्शियम आत येते तेव्हा ते उघडते आणि विभव खाली ओढते. म्हणून बीके बंद केला की विश्रांतीच्या विभवापेक्षा ॲक्शन पोटेन्शियलचा आकार जास्त बदलतो. कॅरिब्डोटॉक्सिन (बीके बंद करणारे आणखी एक विंचवाचे विष) किंवा इबेरिओटॉक्सिन दिल्यावर शिखर उंच होते, उतरण लांबते, आणि ताणाच्या नोंदीत तेच आकुंचन मोठे होऊन दिसते. व्हर्माँट विद्यापीठातल्या हेप्नर, बोनेव्ह आणि नेल्सन यांनी १९९७ मध्ये हा पुनर्ध्रुवीकरणातला वाटा स्पष्टपणे दाखवला. बीकेचे जनुकच काढून टाकलेल्या उंदरांत मूत्राशय अतिक्रियाशील होतो, हे २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. इबेरिओटॉक्सिन परवडत नसेल तर १ मिलिमोलर टेट्राइथाइल अमोनियम वापरता येते. मात्रा त्याच्या पुढे नेली की इतर पोटॅशियम चॅनेलही बंद होऊ लागतात आणि निष्कर्ष पातळ होतो.

बीके उघडणाऱ्या औषधांत एनएस १६१९ जुने आणि सहज मिळणारे आहे, पण त्याच्यावर माझा विश्वास बेताचाच. काही दहा मायक्रोमोलरला ते एल-प्रकारच्या कॅल्शियम चॅनेललाही अडवते. ॲक्शन पोटेन्शियल्स थांबली, पण विभव हललेच नाही, असे दिसले तर कॅल्शियमचा संशय आधी घ्यावा. त्याने झालेला परिणाम इबेरिओटॉक्सिनने उलटला, तरच तो बीकेच्या खात्यावर मांडावा.

एसके चॅनेलचा वाटा आणखी निराळा आहे. १०० नॅनोमोलर ॲपामिनने गिनीपिगच्या पट्टीत एकेकटी उमटणारी ॲक्शन पोटेन्शियल्स झुबक्यांनी येऊ लागतात. दर मिनिटाची सरासरी काढली तर हा बदल हरवून जाऊ शकतो, म्हणून सरासरीबरोबर दोन ॲक्शन पोटेन्शियल्समधल्या अंतरांचे वितरणही काढावे. ४-अमिनोपिरिडिनने, म्हणजे विभवाने उघडणारे काही चॅनेल बंद केल्याने, वारंवारता वाढते.

केव्ही ७ हा विभवाने उघडणाऱ्या पोटॅशियम चॅनेलचा गट मात्र थेट रुग्णापर्यंत पोचलेला आहे. रेटिगाबिन हे केव्ही ७ चॅनेल उघडणारे फेफऱ्याचे औषध २०११ मध्ये मंजूर झाले आणि लघवी अडणे हा त्याचा दुष्परिणाम म्हणून नोंदला गेला. म्हणजे मेंदूसाठी दिलेल्या औषधाने मूत्राशयाच्या कामातही हात घातला. त्वचेवर आणि डोळ्याच्या पडद्यावर रंग चढण्याच्या तक्रारींनंतर ते २०१७ मध्ये बाजारातून गेले, पण प्रयोगशाळेत ते अजूनही उत्तम साधन आहे. त्याचा परिणाम एक्सई ९९१ या अवरोधकाने उलटवून पाहावा. पट्टीत जे दिसले तेवढ्यावरून रुग्णातल्या लघवी अडण्याचे सर्व कारण स्नायूत आहे असे म्हणू नये, कारण केव्ही ७ चॅनेल नसांतही आहेत.

मोजमाप

प्रत्येक नोंदीतून निदान इतके काढावे: विश्रांतीचे विभव, ॲक्शन पोटेन्शियलचे शिखर, अर्ध्या उंचीवरची रुंदी, त्यानंतरच्या अतिध्रुवीकरणाची खोली आणि वारंवारता. मोजण्याची खिडकी, उदाहरणार्थ औषधानंतरची आठवी ते दहावी मिनिटे, प्रयोगाआधी ठरवावी. नोंद पाहून सोयीची खिडकी निवडणे ही फसवणूक आहे, मग ती नकळत का होईना. संख्या मोजताना प्राणी मोजावेत. एका गिनीपिगच्या सहा पेशी म्हणजे सहा प्रयोग नव्हेत, तो एकच प्रयोग आहे.

ज्यांच्याकडे इलेक्ट्रोडची सोय नाही त्यांनी संगणकाची वाट धरावी. पवईच्या आयआयटीत रोहित मंचंदा यांच्या गटाने उंदराच्या मूत्राशय-स्नायूपेशीच्या ॲक्शन पोटेन्शियलचे संगणकीय प्रतिमान उभे केले आणि ते २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. अशा प्रतिमानात बीकेची वाहकता निम्मी केली की रुंदी किती वाढते, के-एटीपीची वाहकता किती वाढवली की ॲक्शन पोटेन्शियल थांबते, हे प्राणी न वापरता पाहता येते. प्रयोग करणाऱ्यांनीही ते आधी करून पाहावे, कारण कोणत्या मात्रेला कोणता बदल शोधायचा हे त्यातून उमगते.

पट्टीपासून रुग्णापर्यंत

अतिक्रियाशील मूत्राशयासाठी पोटॅशियम चॅनेल उघडणारी औषधे आकर्षक वाटली त्याचे कारण साधे होते. भरण्याच्या काळातली स्वयंस्फूर्त आकुंचने ही औषधे कमी मात्रेत थांबवतात, तर नसांनी घडवलेले, प्रत्यक्ष लघवी करण्याचे आकुंचन त्यामानाने वाचते. अडचण रक्तवाहिन्यांची आहे. त्यांच्या स्नायूतही हेच के-एटीपी चॅनेल आहेत, म्हणून मूत्राशय शांत होण्याआधी रक्तदाब उतरतो, डोके दुखते, हृदयाची गती वाढते. झेडडी ०९४७ या के-एटीपी उघडणाऱ्या औषधाची रुग्णांवरची चाचणी २००६ मध्ये प्रसिद्ध झाली, तिच्यात रिकाम्या गोळीपेक्षा लाभ दिसला नाही. दुसऱ्या बाजूने, बीकेचे जनुक वाहून नेणारे डीएनए थेट मूत्राशयाच्या भिंतीत टोचण्याचा प्रयत्न आर्नल्ड मेलमन आणि जॉर्ज क्राइस्ट यांच्या कामातून पुढे आला आणि माणसांवरच्या चाचण्यांपर्यंत गेला. औषध रक्तात न फिरवता जागच्या जागी चॅनेल वाढवण्याचा हा विचार मला जास्त पटतो.

म्हणून नवे द्रव्य तपासणाऱ्याने मूत्राशयाच्या पट्टीशेजारी, त्याच दिवशी, त्याच द्रावणात, रक्तवाहिनीची एक पट्टी टांगावी. उंदराची पोर्टल शीर यासाठी सोयीची आहे, कारण तीही स्वतःहून आकुंचते आणि तिच्यावर क्रोमाकॅलिमचा परिणाम सहज दिसतो. दोन्ही पट्ट्यांत वाढत्या मात्रा द्याव्यात, कोणत्या मात्रेला कोणती रेषा आधी सपाट होते ते लिहावे, आणि मग त्याच दोन मात्रांना मूत्राशयाच्या जुडग्यात इलेक्ट्रोड घालून विभव किती मिलिव्होल्टने खाली गेले ते शेजारच्या रकान्यात मांडावे.